सीमेवर थांबलेल्या पेशी

फुप्फुसातील कर्करोगाच्या गाठीचा पातळ छेद हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की दोन निरनिराळ्या जमाती डोळ्यांपुढे येतात. कर्कपेशी मोठ्या आणि वेड्यावाकड्या असतात. एकीचे केंद्रक दुसरीशी जुळत नाही. लसिकापेशी लहान, गोल आणि गर्द निळ्या. पुष्कळ गाठींमध्ये या निळ्या पेशी मोठ्या संख्येने कडेपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. आतल्या भागात त्या तुरळक सापडतात. बिघडलेल्या पेशीला मारणे हेच ज्यांचे काम, त्या तिच्यापासून केसभर अंतरावर निष्क्रिय उभ्या असतात. विकृतिशास्त्रज्ञ म्हणून हे दृश्य मी उमेदवारीच्या काळापासून पाहत आले. अहवालात त्यासाठी एक ठरलेली ओळ असे: ‘लसिकापेशींचा भरणा आढळतो.’ तो कशासाठी आहे आणि असून निरुपयोगी का आहे, याचा खुलासा अहवालाकडून कोणाला अपेक्षित नसे.

हे निरीक्षण तसे जुनेच. रुडॉल्फ विरशॉ या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६३ मध्येच गाठींतील श्वेतपेशींची नोंद केली होती. त्या नोंदीचा अर्थ लागायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

विकृतिशास्त्रज्ञाला रुग्ण सहसा भेटत नाही. त्याच्या शरीराचा कणभर तुकडा भेटतो. प्रयोगशाळेच्या खिडकीशी येतात ते नातेवाईक. कोणी अहवाल न्यायला येतो, कोणी ‘मुंबईला टाटाला दाखवायचंय, ब्लॉक आणि स्लाइड द्या’ म्हणून येतो. अशाच एका दुपारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची पत्नी आली. घरात विडी-तंबाखूचा स्पर्श नव्हता. छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला म्हणून क्षयाची औषधे काही महिने चालली होती; थुंकीत जंतू मात्र कधीच सापडले नव्हते. शेवटी बायोप्सी झाली आणि कर्करोग निघाला. अहवालाचे पाकीट हातात घेऊन त्यांनी विचारले, “मॅडम, यांची प्रतिकारशक्ती कमी पडली का? खाण्यापिण्यात माझ्याकडून काही राहिलं का?” मी “नाही” म्हणाले. त्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला असे वाटले नाही. खिडकीशी उभे राहून त्याची कारणे सांगता येण्यासारखी नव्हती. ती इथे मांडते.

आरंभ फुप्फुसापासून करायला हवा. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. त्या हवेबरोबर धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू आणि धुराचे कण अखंड येत राहतात. ज्या कोट्यवधी वायुकोशांत प्राणवायू रक्तात उतरतो, त्यांची भिंत एका मायक्रोमीटरहूनही पातळ असते. प्रत्येक आगंतुक कणाशी प्रतिकारयंत्रणेने पूर्ण बळानिशी युद्ध मांडले, तर त्या युद्धाच्या दाहाने वायुकोश द्रवाने भरतील आणि माणूस स्वतःच्याच संरक्षणात गुदमरेल. कोविडच्या साथीत कित्येकांचे असेच झाले. विषाणू ओसरू लागल्यावरही दाह थांबला नाही. म्हणून वायुकोशांतील भक्षकपेशी आपले साफसफाईचे काम बहुतांशी गाजावाजा न करता उरकतात. फुप्फुसाला प्रतिकाराइतकीच प्रतिकाराला आवर घालण्याची गरज आहे.

हा आवर साऱ्या शरीरात आहे आणि तो अनेक स्तरांवर रचलेला आहे. थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशी नावाच्या लसिकापेशींपैकी ज्या स्वकीयांवरच उठू शकतील, त्यांतल्या बहुतेक तिथेच नष्ट केल्या जातात. त्यातूनही सुटलेल्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी असतात. त्यांचा शोध जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये जाहीर केला. २०२५ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि या पेशींच्या सूत्रधार जनुकाचा उलगडा करणाऱ्या मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. ते जनुक ज्या बालकांत सदोष असते, त्यांचे शरीर जन्मानंतर थोड्याच काळात स्वतःच्या आतड्यावर, त्वचेवर आणि अंतःस्रावी ग्रंथींवर तुटून पडते. याखेरीज प्रत्येक टी-पेशीच्या अंगावरही थांबण्याची कळ असते. क्योटो येथील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये, मरणाऱ्या पेशींत कोणती जनुके जागी होतात याचा शोध चालू असताना, अशी एक कळ हाती लागली. तिचे नाव पीडी-१. तिचे खरे काम कळायला आणखी काही वर्षे गेली. हे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मतः निरोगी दिसत. वय वाढू लागले की त्यांच्या सांध्यांना आणि मूत्रपिंडांना त्यांच्याच प्रतिकारपेशी ग्रासू लागत. त्यावरून उमगले, की पीडी-१ हा टी-पेशींचा लगाम आहे. समोरच्या पेशीने पीडी-एल१ नावाचे प्रथिन पुढे केले, की लगाम खेचला जातो आणि टी-पेशी थांबते.

आता कर्कपेशीकडे वळू. ती शरीराला दिसतच नाही, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक पेशी आत घडणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून सतत बाहेर दाखवत असते. सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोत्यातली मूठभर वानगी बाहेर मांडतात आणि तिच्यावरून जाणकार आतल्या मालाची पारख करतो. टी-पेशीची तपासणी अशीच चालते. बिघडलेल्या जनुकांतून बिघडलेली प्रथिने निर्माण होतात आणि त्यांची वानगीही बाहेर येते. तंबाखूच्या धुराने झालेल्या कर्करोगात हा बिघाड प्रचंड असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगातील एका पेशीवंशाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात बावीस हजारांहून अधिक उत्परिवर्तने सापडली. संशोधकांचा अंदाज असा, की दर पंधरा सिगारेटींमागे सरासरी एक कायमची खूण जनुकांत उमटली होती. इतके परकेपण अंगावर वागवणारी पेशी प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतून सुटणे अवघड आहे. ती पाहिली जाते, ओळखली जाते, तिच्यावर हल्लेही होतात. अनेक कर्कपेशी गाठ होण्यापूर्वीच नष्ट होत असाव्यात. त्यांची नोंद कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही.

प्रतिकारयंत्रणा कर्कपेशींवर असा पहारा ठेवते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांनी मांडली होती. १९५०च्या दशकात मॅकफार्लेन बर्नेट आणि लुईस थॉमस यांनी तिला पुन्हा उजाळा दिला. पुढे थायमस नसलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत अपेक्षेप्रमाणे अधिक कर्करोग दिसले नाहीत आणि ती जवळजवळ टाकून दिली गेली. २००१ च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर प्रयोगांनी तिला पुन्हा उभे केले. त्यांच्या मते या संघर्षाचे तीन टप्पे असतात: निर्मूलन, समतोल आणि निसटणे. मधल्या टप्प्याची साक्ष देणारी एक घटना स्कॉटलंडमध्ये घडली आणि २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकाच मृत दात्याची मूत्रपिंडे दोन रुग्णांत बसवली होती. दोघांनाही पुढे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने गाठले. चौकशीत आढळले, की दात्याच्या मेलानोमावर सोळा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती आणि तो बरा झाला असेच सर्वांनी मानले होते. दात्याच्या शरीरात त्या पेशी इतका काळ वेसणीत होत्या. प्रत्यारोपणानंतर प्रतिकार दडपणारी औषधे घेणाऱ्या शरीरात येताच ती वेसण सुटली. मी हा वृत्तान्त वाचला तेव्हा ‘रोगमुक्त’ हा शब्द आपण किती सहज वापरतो याचाच विचार दीर्घकाळ करत राहिले.

या दीर्घ समतोलाचाच एक विपरीत परिणाम होतो. प्रतिकारयंत्रणा ज्या पेशींना ओळखू शकते त्या मरतात. ओळख टाळू शकणाऱ्या उरतात आणि वाढतात. पहारा जितका कडक, तितकी निवड काटेकोर. रोगनिदानाच्या वेळी आमच्यापुढे येणारी गाठ ही या परीक्षेतून पार पडलेल्यांची वसाहत असते. लंडनमध्ये चार्ल्स स्वॉन्टन यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या ट्रेसर-एक्स या प्रकल्पाने २०१७ मध्ये दाखवून दिले, की फुप्फुसाच्या प्रारंभिक कर्करोगांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांत पेशींनी एचएलए रेणूंच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या प्रतींपैकी एक गमावलेली असते. वानगी मांडायची फळीच त्यांनी अर्धी काढून टाकलेली असते. काही गाठी नियामक टी-पेशींना आत ओढून घेतात. काही गाठी भोवतालची साखर संपवून लॅक्टिक आम्लाने परिसर भरून टाकतात, त्यात टी-पेशींना काम करवत नाही. दीर्घकाळ लढत राहिलेल्या टी-पेशी एका विशिष्ट अर्थाने थकतातही. त्या जिवंत असतात, पण मारण्याची क्षमता हळूहळू गमावतात.

या साऱ्यांत मला अधिक विचार करायला लावते ती पीडी-एल१ची गोष्ट. टी-पेशी कर्कपेशीला ओळखून हल्ला करते तेव्हा इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडते. साऱ्या परिसराला सावध करणारा हा संदेश आहे. या संदेशाला प्रतिसाद म्हणून आजूबाजूच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ वाढवतात, कारण लढाई फार पेटली तर निरोगी ऊतींचीही हानी होईल. ही शरीराची दूरदृष्टी आहे. कर्कपेशीही मुळात याच शरीराची असल्याने तिला हा संदेश कळतो आणि तीही पीडी-एल१ उभे करते. हल्ला जितका जोरदार, तितका लगाम घट्ट. कडेला थांबलेल्या निळ्या पेशींच्या रांगेला दुर्बलता म्हणता येत नाही. त्या पोहोचल्या होत्या, काहींनी ओळखलेही होते, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याच हाकेतून त्यांना थांबण्याची आज्ञा निघाली होती.

पीडी-एल१ची चाचणी लावताना रंग बरोबर चढला की नाही हे पडताळण्यासाठी आम्ही नियंत्रण म्हणून टॉन्सिलचा किंवा वारेचा तुकडा वापरतो. प्रसूतीनंतर पडणारी ती वार. तिच्या पेशींच्या कडांवर पीडी-एल१चे तपकिरी आवरण ठळक उमटते. गर्भ निम्मा पित्याकडून आलेला, म्हणजे मातेच्या प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने निम्मा परका; तरी नऊ महिने तो सुखरूप राहतो. या सहनशीलतेच्या अनेक कारणांपैकी एक कारण हे प्रथिन आहे. ज्या आवरणाच्या आश्रयाने आपण सारे जन्माला आलो, त्याच आवरणाखाली ही गाठ वाढते. एका काचेवर वार आणि तिच्या शेजारी गाठ पाहताना रंगात फरक करता येत नाही. कर्करोगाने स्वतःचे असे कोणतेही शस्त्र निर्माण केलेले नाही. शरीराने विचारपूर्वक केलेली प्रत्येक तरतूद त्याने आपल्या कामी लावलेली आहे.

मग लगाम सोडवता येईल का? जेम्स ॲलिसन यांनी अमेरिकेत सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर आणि होंजो यांनी पीडी-१वर केलेल्या कामाला २०१८ चे नोबेल मिळाले, तोपर्यंत औषधे रुग्णांपर्यंत पोहोचलीही होती. २०१५ मध्ये पीडी-१चा लगाम सोडवणाऱ्या निवोलुमॅब या औषधाला फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या गाठीतील निम्म्या किंवा अधिक कर्कपेशींवर पीडी-एल१ होते अशा, रोग पसरलेल्या रुग्णांना केमोथेरपीऐवजी प्रथमपासून पेम्ब्रोलिझुमॅब हे त्याच प्रकारचे औषध दिले गेले. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ३२ टक्के जिवंत होते; केमोथेरपीने आरंभ केलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग म्हणजे काही महिने, असे शिकलेल्या माझ्या पिढीला हे आकडे वाचताना प्रथम छापण्यात चूक असावी असे वाटले होते. तरीही दोन-तृतीयांश माणसे त्या पाच वर्षांत गेलीच, हेही तितकेच खरे.

संयम काढून घेतला की त्याची किंमतही मोजावी लागते. या औषधांनी मोकळ्या झालेल्या पेशी कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, यकृतावर, क्वचित हृदयावरही चालून जातात. आणि कधी फुप्फुसालाच दाह होऊन श्वास कोंडतो. आपल्या देशात आणखी एक गुंतागुंत आहे. जगातील क्षयरोगाचा चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. पीडी-१ नसलेल्या उंदरांना क्षयाच्या जंतूंनी ग्रासले तर ते अधिक जोमाने लढतील, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात ते सामान्य उंदरांहून लवकर मरतात, कारण अनावर दाह फुप्फुसाचाच नाश करतो. ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत सुप्त क्षय जागा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. ज्या क्षयाच्या संशयामुळे आपल्याकडे कर्करोगाचे निदान लांबते, तो उपचारांच्या काळातही असा आडवा येऊ शकतो.

पैशाचे दुःख वेगळेच. पूर्ण मात्रेतील उपचाराचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो आणि तो आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्यात नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या पसरलेल्या कर्करोगात निवोलुमॅबची अवघी वीस मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दशांशाहूनही कमी, इतर स्वस्त औषधांच्या जोडीने देऊन पाहिली. एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा अनुभव फुप्फुसाला तसाच लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. मात्र मात्रा किती लागते हा प्रश्न गरीब देशातील डॉक्टरांनी विचारला आणि स्वतः प्रयोग करून त्याचे उत्तर शोधले, याचे मोल मला फार वाटते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही, कारण ती न्यायबुद्धीला टोचते. ज्याने आयुष्यभर धूम्रपान केले, त्याच्या कर्कपेशींत उत्परिवर्तने अधिक. म्हणून लगाम सोडवल्यावर त्याच्या टी-पेशींना ओळखायला खुणाही अधिक. त्याला या औषधांचा लाभ होण्याची शक्यता तुलनेने जास्त असते. ज्याने कधी तंबाखूला हात लावला नाही, त्याच्या गाठीत अनेकदा ईजीएफआर या एकाच जनुकातील बदल सूत्रे हलवत असतो. अशा गाठींचे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा आपल्याकडे जास्त आहे, आणि त्यांवर लगाम सोडवणारी औषधे बहुधा निष्प्रभ ठरतात. त्यांच्यासाठी गोळ्या आहेत, त्या पुष्कळ काळ उपयोगी पडतात, ही त्यातली जमेची बाजू. पण रोगाकडे कर्मफळ म्हणून पाहण्याची आपली जुनी सवय इथे पार उताणी पडते. पेशींच्या जगात दंड आणि पारितोषिक यांचा हिशोब कोणी ठेवत नाही.

त्या बाईंना मी “नाही” म्हणाले ते या कारणांसाठी. कोविडनंतर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र काढ्यांच्या पुड्यांपासून बिस्किटांपर्यंत सर्वत्र छापला गेला. जणू ती टाकीतल्या पाण्यासारखी कमीजास्त होणारी एकच वस्तू आहे, आणि ती भरून ठेवणे हे घरच्या स्वयंपाकघराचे कर्तव्य आहे. सकस आहार अवश्य असावा. आजारी माणसाला ताकदीसाठी तो लागतोच. पण कडेला थांबलेल्या पेशींची कळ कोणत्याही काढ्याने सुटत नाही. आणि खरोखरच एखाद्या चूर्णाने सगळी प्रतिकारयंत्रणा सरसकट पेटवता आली असती, तर त्याचे दुकान संधिवाताच्या रुग्णांनी भरून गेले असते. आपल्या घरांत या समजाचा भार बहुधा बाईवर पडतो. नवऱ्याचे पथ्य, त्याची भूक, त्याचे वजन यांचा जाब तिला विचारला जातो. कोणी विचारला नाही तर ती स्वतःला विचारते. भेटीला येणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे: रुग्णापुढे किंवा त्याच्या माणसांपुढे प्रतिकारशक्ती कमी पडल्याची भाषा करू नये. तिला शास्त्राचा आधार नाही.

वाचकांना एका विकृतिशास्त्रज्ञाची विनंती आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला दाखवून घ्या. थुंकीची तपासणी झाल्याशिवाय क्षयाची औषधे सुरू झाली असतील, तर ती तपासणी का झाली नाही हे आदराने, पण स्पष्टपणे विचारा. औषधे घेऊनही एक्स-रेवरील डाग हटत नसेल, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा आग्रह धरा. बायोप्सी झालीच, तर अहवालाच्या कागदाबरोबर मेणाच्या ब्लॉकचीही चौकशी करा. कोणता लगाम ओढलेला आहे, ईजीएफआर बदललेले आहे का, गोळी चालेल की इंजेक्शन, हे सारे त्या पेरभर मेणात अडकलेल्या तुकड्यावरूनच ठरते, आणि दुसऱ्यांदा तुकडा काढणे प्रत्येक रुग्णाला झेपत नाही. तो ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घेता येतो. उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, नाव आणि क्रमांक शाबूत ठेवून, तो जपून ठेवा.